प्लँकस : शिलालेखात न आलेली वर्षं

राईनकाठ (धागाकर्ती)

बाझलच्या लाल नगरभवनाच्या अंगणात एका रोमन सेनापतीचा रंगवलेला पुतळा आहे. समोरच्या चौकात भाजीबाजार भरतो. शनिवारची भाजी घेऊन झाली की मी पिशवीसकट आत जाते आणि दोन मिनिटं त्याच्यासमोर उभी राहते. सहा वर्षं झाली, ही सवय काही सुटत नाही. पुतळा १५८० सालचा आहे आणि माणूस त्याच्याही सोळाशे वर्षं आधीचा. लुसियस मुनाटियस प्लँकस. राईनच्या काठाने इथून थोडं वर गेलं की आउग्स्ट गाव लागतं. तिथली 'रॉरिका' ही रोमन वसाहत त्याने स्थापली, म्हणून बाझलकर त्याला आपला आद्यपुरुष मानतात. फ्रान्समधलं लिऑन, तेव्हाचं लुग्दुनुम, तेही त्यानेच वसवलं.

त्याची कबर इटलीत गाएताच्या टेकडीवर आजही धडधाकट उभी आहे. दारावर कोरलेला मजकूर साधारण असा आहे : लुसियसचा मुलगा, लुसियसचा नातू, लुसियसचा पणतू लुसियस मुनाटियस प्लँकस. कॉन्सल (रोमचं वर्षभराचं सर्वोच्च पद), सेन्सॉर, दोनदा इंपेरातोर (विजयी सेनापतीची पदवी), देवांच्या मेजवान्यांची व्यवस्था पाहणाऱ्या सात पुरोहितांपैकी एक. आल्प्समधल्या रेटियन लोकांवरच्या विजयाची मिरवणूक काढली. लुटीच्या पैशातून सॅटर्नचं देऊळ बांधलं. इटलीत बेनेव्हेंटमला जमिनी वाटल्या. गॉलमध्ये लुग्दुनुम आणि रॉरिका या वसाहती वसवल्या.

पुन्हा एकदा वाचा. यात एकाही धन्याचं नाव नाही. सीझर नाही, सिसेरो नाही, अँटनी नाही, ऑगस्टसही नाही. जुन्या प्रजासत्ताकातल्या खानदानी माणसाच्या कबरीवर असावा तसाच मजकूर आहे. वडील, आजोबा, पणजोबा, पदं, विजय, देऊळ. आणि हा माणूस मात्र जन्मभर कोणा ना कोणाच्या मागे उभा राहून मोठा झाला. ही विसंगती माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

इ.स.पू. ५४ मध्ये तो गॉलमध्ये सीझरच्या हाताखाली लेगेट, म्हणजे दुय्यम सेनापती. त्या हिवाळ्यात कार्न्युट टोळीने सीझरने बसवलेला राजा मारला, तेव्हा एक लीजन (रोमन सैन्याची मोठी तुकडी) देऊन सीझरने यालाच तिकडे धाडलं. यादवी पेटल्यावरही तो सीझरसोबतच राहिला, आधी स्पेनमध्ये, मग आफ्रिकेत. सीझरने पुढच्या वर्षांची पदं आधीच वाटून ठेवली होती. त्यात ४२ सालचे कॉन्सल म्हणून दोन नावं होती : प्लँकस आणि डेसिमस ब्रूटस. यातला दुसरा मार्च ४४ मध्ये सीझरला मारणाऱ्यांत निघाला. धनी गेला, त्याने दिलेलं पद मात्र शाबूत राहिलं, आणि पदाचा जोडीदार धन्याचा मारेकरी. प्लँकसची खरी कसोटी इथे सुरू होते.

हत्येनंतर सिनेटमध्ये मारेकऱ्यांना माफी देण्याच्या बाजूने जे बोलले त्यांत तो होता. मग तो आपल्या प्रांतावर, गॉलला गेला. प्रजासत्ताकाचा पुढारी आणि वक्ता सिसेरो याचा आणि त्याचा पत्रव्यवहार बराचसा टिकलाय आणि तो वाचताना अंगावर काटा येतो. सिसेरोचे प्लँकसच्या वडिलांशी घरोब्याचे संबंध होते, त्याने याला लहानपणापासून पाहिलेलं. तो घरच्या वडीलधाऱ्यासारखा लिहितो : एक काळ असा होता की तू वाऱ्याकडे फार बघून चालतोस असं लोकांना वाटायचं, आता प्रजासत्ताकासाठी उभं राहायची वेळ आली आहे. प्लँकसही सुंदर, घोटीव लॅटिनमध्ये निष्ठेची ग्वाही देत राहतो. ईझेर नदीवर पूल बांधला, पलीकडे गेलो, शेजारच्या प्रांतातला सेनापती लेपिडस याच्या मदतीला निघालो आहे, वगैरे.

२९ मे ४३ रोजी लेपिडस आपल्या सैन्यासकट अँटनीला, म्हणजे आता सिनेटशी लढणाऱ्या सीझरच्या जुन्या सेनापतीला, मिळाला. ४ जूनला प्लँकस ईझेर ओलांडून मागे आला आणि पूल तोडले. ६ जूनचं पत्र कुलारोहून, म्हणजे आजच्या ग्रनोबलहून लिहिलेलं आहे. शेवटचं पत्र २८ जुलैचं. त्यात सगळा राग तरुण ऑक्टेव्हियनवर, म्हणजे सीझरच्या वारसावर, पुढच्या ऑगस्टसवर आहे. अँटनी आज जिवंत आहे, त्याच्याकडे फौज आहे, याचं श्रेय त्या पोराला, तो वेळेवर आला नाही म्हणून. त्यानंतर पत्र नाही. थोड्याच दिवसांत स्पेनहून तिथला सेनापती पोलियो आपल्या लीजन घेऊन आला, अँटनीकडे गेला आणि प्लँकसलाही घेऊन गेला. एकटा पडलेला डेसिमस ब्रूटस पळताना मारला गेला.

७ डिसेंबरला अँटनीच्या माणसांनी सिसेरोचा गळा कापला. २९ डिसेंबरला प्लँकस रथातून रोममध्ये विजययात्रेने आला. मध्ये बावीस दिवस. तीन दिवसांनी तो कॉन्सल झाला, सीझरने ठरवून ठेवल्याप्रमाणेच.

वेलेयस पॅटर्क्युलस या रोमन इतिहासकाराने त्याला 'आजार असावा तसा गद्दार' म्हटलंय, म्हणजे दगा ही त्याची प्रकृतीच. मला हे पटत नाही. त्याच्या जागी असलेला माणूस आणखी काय करू शकत होता, हे खरंच विचारून बघावं असं वाटतं. तुमची मतं वाचायला आवडतील.

पिंपळपार

लेख एका दमात वाचला. पण ताई, पटत नाही म्हणजे काय? सीझर, मग सिनेट, मग अँटनी, आणि इ.स.पू. ३२ मध्ये ऑक्टेव्हियन. याला आपल्याकडे एकच शब्द आहे, आयाराम-गयाराम. शेवटची उडी तर सगळ्यात वाईट. अँटनीच्या मीठभाकरीवर दहा वर्षं काढली, आशियाचा आणि सीरियाचा कारभार केला आणि जाताना त्याचं मृत्युपत्र कुठे ठेवलंय तेही सांगितलं.

राईनकाठ

पिंपळपार, मृत्युपत्राचं खरंच आहे. प्लँकस आणि त्याचा भाचा टिटियस, दोघेही त्यावर साक्षीदार होते. ते व्हेस्टा देवीच्या कुमारिकांकडे ठेव म्हणून होतं. त्यांनी द्यायला नकार दिला, हवं तर स्वतः येऊन घ्या म्हणाल्या आणि ऑक्टेव्हियनने ते खरोखर जाऊन घेतलं. रोममध्ये मेलो तरी शव क्लिओपात्राकडे अलेक्झांड्रियाला पाठवा, हा त्यातला मजकूर सिनेटमध्ये वाचला गेला आणि लोकमत अँटनीच्या विरुद्ध फिरलं. प्लँकसने अँटनीच्या दुर्गुणांचा पाढा सिनेटमध्ये वाचला, तेव्हा कोपोनियस नावाच्या वयस्क सदस्याने त्याला जागच्या जागी सुनावलं : तू त्याला सोडलंस त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत अँटनीने बरंच काही केलेलं दिसतं! हे वाक्य प्लँकसला पुढे जन्मभर पुरलं असणार. तिथे मी त्याची बाजू घेत नाही. माझा प्रश्न ४३ च्या उन्हाळ्याबद्दल आहे.

गडकोट_९

४३ बद्दल मी धागाकर्तीच्या बाजूने. भावना बाजूला ठेवून फौजेचा हिशेब बघा, शेवटच्या पत्रात त्याने स्वतःच दिलाय. प्लँकसकडे जुन्या, मुरलेल्या लीजन तीन आणि नवीन एक. डेसिमस ब्रूटसकडे मुरलेली एक, दोन वर्षांची एक आणि नवशिक्या आठ. म्हणजे मिळून चौदा लीजन, त्यात नऊ कालपरवा भरती झालेल्या. नवशिक्यांवर किती भिस्त ठेवायची ते आपल्याला माहीत आहे, असं तो लिहितो. समोर अँटनी आणि लेपिडस, दोघांकडे सीझरच्या हाताखाली वाढलेले शिपाई. वर ऑक्टेव्हियन मदतीला यायचं सोडून कॉन्सलपद मागत बसलेला. आणि सर्वांत मोठी गोष्ट, प्लँकसचे मुरलेले शिपाईही सीझरचेच. सीझरच्या मारेकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून सीझरच्या सेनापतीशी लढा, हे त्यांना कोण सांगणार? लेपिडसच्या छावणीत शिपायांनीच दरवाजे उघडले होते. जून-जुलैचे दोन महिने त्याने लढाई टाळली आणि फौज हातात ठेवली, हीच त्या परिस्थितीत शहाणपणाची गोष्ट होती. मला तो भित्रा वाटत नाही, हिशेबी वाटतो.

माजघर

हिशेबी होता, मान्य. पण मग त्याच्या भावाचं काय?

गडकोट, तुम्ही लीजन मोजल्यात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमधली दुसरी मोजणी बघा. अँटनी, लेपिडस आणि ऑक्टेव्हियन एकत्र आले आणि प्रोस्क्रिप्शनच्या याद्या लागल्या. यादीत नाव आलेल्या माणसाला कोणीही मारावं, डोकं आणून द्यावं, बक्षीस घ्यावं. मालमत्ता जप्त. पहिल्याच नावांत लेपिडसचा भाऊ पॉलस आहे आणि आपल्या प्लँकसचा सख्खा भाऊ प्लोटियस प्लँकस आहे (दत्तक गेल्यामुळे घराण्याचं नाव वेगळं). वेलेयस म्हणतो की भावाचं नाव प्लँकसने स्वतः मागून घातलं.

पॉलस निसटला. प्लोटियस सालेर्नोजवळ लपला होता. शिपायांनी त्याच्या गुलामांना पकडून हालहाल केले, एकानेही तोंड उघडलं नाही. अंगाला लावलेल्या अत्तराच्या वासावरून माग लागला असं रोमन लेखक नोंदवतात. गुलामांचे हाल सहन न होऊन प्लोटियस स्वतः लपल्या जागेतून बाहेर आला आणि त्याने मान पुढे केली. ज्या गुलामांना त्या राज्यात माणूस म्हणूनही गणत नसत, ते आपल्या धन्यासाठी गप्प राहिले. सख्ख्या भावाने काय केलं? परिस्थिती, फौज, नाइलाज हे सगळं मी ऐकून घेईन, पण इथे मला तुमचा हिशेब नको.

राईनकाठ

माजघर, मूळ लेखात हे मी लिहिलं नाही, ही माझी चूक. नाव त्याने स्वतः दिलं हे वेलेयसचं म्हणणं आहे आणि वेलेयसला प्लँकसबद्दल एकही चांगला शब्द लिहिता येत नाही, म्हणून ते टाळलं होतं. पण नाव कोणीही दिलेलं असो, भाऊ मेल्यावर काही आठवड्यांत हा विजयाच्या रथात उभा राहिला, हे तर नक्की आहे. तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून मीही अस्वस्थ आहे.

लॅटिनशाळा

त्या रथाबद्दलच सांगते. विजययात्रेत शिपायांना सेनापतीची टिंगल करायची मुभा असे, तशी रीतच होती. लेपिडसची विजययात्रा ३१ डिसेंबरला, प्लँकसची २९ ला. दोघांचे भाऊ यादीत. शिपाई आणि लोक रस्त्यातून ओरडत होते : 'दे गेरमानिस, नोन दे गाल्लिस, दुओ त्रिउम्फांत कोन्सुलेस.' लॅटिनमध्ये 'गेरमानुस' म्हणजे जर्मनही आणि सख्खा भाऊही. तेव्हा अर्थ असा होतो की दोघे कॉन्सल गॉलांवर नाही, 'गेरमानां'वर विजय साजरा करताहेत. स्वतःच्या फौजेने भर रस्त्यात भावाचं नाव काढलं आणि त्याला ते रथात ताठ उभं राहून ऐकावं लागलं.

आता दुसरी गोष्ट, जी मला लॅटिन शिकताना पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. रोमन कवी होरेसने आपल्या ओडांच्या (गीतासारख्या कवितांच्या) पहिल्या पुस्तकातली सातवी कविता प्लँकसला उद्देशून लिहिली आहे. इतर लोक ऱ्होड्सची, कॉरिंथची स्तुती करोत, मला तिबुरच आवडतं, तिथल्या फळबागा, ओढे. तिबुर, म्हणजे आजचं तिवोली, प्लँकसच्या घराण्याची जागा. तू छावणीत असशील की तिबुरच्या गर्द सावलीत, प्लँकस, मनातलं दुःख दारूने हलकं कर, असं तो म्हणतो. आणि मग एकदम ग्रीक कथा सुरू होते, ट्यूक्रसची. ट्रॉयच्या युद्धातून ट्यूक्रस घरी आला, पण भाऊ एजॅक्स सोबत नव्हता. 'भावाला टाकून आलास' म्हणून बापाने त्याला घराबाहेर काढलं. तो सोबत्यांना सांगतो, निराश होऊ नका, उद्या पुन्हा अथांग समुद्रावर निघू.

भावाशिवाय परतलेल्या माणसाची गोष्ट, प्लँकसला! शेकडो कथा होत्या, होरेसने ही निवडली. हे सांत्वन आहे की टोचणी, यावर अभ्यासक वाद घालतात. मला ते सांत्वन वाटतं. होरेस स्वतः इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत मार्कस ब्रूटसच्या (डेसिमस नव्हे, सीझरचा दुसरा मारेकरी) बाजूने लढला होता आणि हरून परत आला होता. दुसऱ्या एका ओडेत तो त्याच वर्षाला 'कोन्सुले प्लांको' म्हणतो, प्लँकस कॉन्सल होता तेव्हा, माझं रक्त गरम होतं तेव्हा. हरलेल्या बाजूच्या माणसाने जिंकलेल्या बाजूच्या माणसाला लिहिलेली ही कविता आहे. दोघांच्याही मागे कोणीतरी राहून गेलेलं.

पिंपळपार

लॅटिनशाळा, हे माहीत नव्हतं. प्रतिसाद जपून ठेवला आहे.

कोरीव

अलेक्झांड्रियाचा भाग कोणी घेतला नाही म्हणून थोडक्यात. क्लिओपात्राने एका जेवणावर एक कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) खर्च करून दाखवते अशी पैज अँटनीशी लावली, ती मोती व्हिनेगरमध्ये विरघळवून पिण्याची प्रसिद्ध कथा रोमन लेखक प्लिनी सांगतो. त्या पैजेचा पंच प्लँकस होता. दुसरा मोती ती टाकणार इतक्यात त्याने त्यावर हात ठेवला आणि अँटनी हरला म्हणून निकाल दिला. वेलेयसची दुसरी गोष्ट जास्त क्लेशकारक आहे. मेजवानीत प्लँकस अंगाला निळा रंग फासून, नागडा, डोक्याला वेताच्या पानांची माळ, मागे माशाची शेपटी ओढत, गुडघ्यांवर नाचला, ग्लॉकस नावाचा समुद्रदेव बनून. तेव्हा हा माजी कॉन्सल होता. ज्याच्या विजययात्रेत सिनेट पुढे चालत होतं तो माणूस.

मला या गोष्टीत प्लँकसची लाज वाटण्यापेक्षा त्या काळाची वाटते. पद तेच होतं, कॉन्सल. पण कॉन्सलने आता राणीच्या दिवाणखान्यात नाचायचं.

गडकोट_९

कोरीव यांनी मूळ मुद्द्याला हात घातला. पदाचं नाव टिकतं, पदातला जीव जातो. सेन्सॉरचंच बघा. सेन्सॉर म्हणजे प्रजासत्ताकातलं सर्वांत आब असलेलं पद. सिनेटमधून कोणाला काढायचं ते हा ठरवणार. इ.स.पू. २२ मध्ये ऑगस्टसने स्वतः ते घेतलं नाही, प्लँकस आणि पॉलस एमिलियस लेपिडस यांना दिलं. हा पॉलस म्हणजे माजघर यांनी सांगितलेल्या, यादीत नाव असून निसटलेल्या पॉलसचा मुलगा! एकाच्या बापाचं नाव यादीत, दुसऱ्याच्या भावाचं, आणि दोघे मिळून रोमच्या नीतीवर देखरेख करणार. पदग्रहणाच्या दिवशी त्यांच्या वजनाने लाकडी मंचच कोसळला. कामही त्यांच्या हातून फारसं झालं नाही, जे होतं ते ऑगस्टस करत होता. नीरोचा आजोबा डोमिटियस तेव्हा नुसता एडाइल होता, खालच्या पायरीचा अधिकारी. त्याने सेन्सॉर प्लँकसला रस्त्यात बाजूला सरकून वाट द्यायला लावली. दोन सामान्य नागरिकांनी जोडीने सेन्सॉर होण्याची ही शेवटचीच वेळ.

माजघर

आणि त्याआधी, १६ जानेवारी २७ रोजी, ऑक्टेव्हियनला 'ऑगस्टस' हे नाव द्यावं असा ठराव सिनेटमध्ये याच प्लँकसने मांडला. काहींना 'रोम्युलस' हवं होतं, दुसरा संस्थापक म्हणून. पण रोम्युलस म्हणजे राजा, आणि राजा हा शब्द रोमला सोसत नव्हता. प्लँकसने देवळातला, शकुनातला, पवित्र जागेसाठी वापरायचा शब्द शोधला. त्यात राजाही नाही आणि माणूसही नाही. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ऑगस्ट महिना आहे तो त्याच नावावरून आलेला. मला त्याचा राग येतो तरी हे मान्य करते की शब्दाची त्याची जाण सिसेरोच्या तालमीत तयार झालेली होती. तीच जाण घेऊन तो सिसेरोच्या प्रजासत्ताकाचं शेवटचं दार लावून आला.

राईनकाठ

माजघर, हे वाचून मूळ लेखातला माझा प्रश्न मागे घेते. 'आणखी काय करू शकत होता' हे ४३ च्या जुलैपर्यंत विचारता येतं. त्या डिसेंबरनंतर नाही. त्याला आजारी मात्र मी अजूनही म्हणणार नाही. आजारी माणसाला कळत नसतं. याला प्रत्येक वेळी नीट कळत होतं, पत्रांतून ते दिसतं.

बंदरपेठ

उशिरा आलो धाग्यावर. मी जहाजावर असतो. काही वर्षांपूर्वी नेपल्सला जहाज थांबलं होतं तेव्हा सुट्टीच्या दिवशी गाएताला गेलो होतो, प्लँकस वगैरे काही माहीत नसताना. मोन्ते ओर्लांदोच्या टेकडीवर झाडीतून चढत गेलं की एकदम समोर गोल, बुटकी, जाडजूड इमारत येते, किल्ल्याच्या बुरुजासारखी. व्यास तीसेक मीटर असेल. मोठमोठे चिरे, वर कडेने लढाईची चित्रं कोरलेली पट्टी, आणि दारावर तो मजकूर. अक्षरं इतकी स्वच्छ की लॅटिन न येताही मी बोटाने 'लुग्दुनुम' वाचलं होतं. आत चार कोनाडे आहेत, रिकामे.

हा धागा वाचून आज नकाशा उघडून बसलो. टेकडीवरून उत्तरेकडे बघितलं की खाली अर्धवर्तुळाकार आखात आहे आणि पलीकडच्या काठावर फोर्मिया. सिसेरोचं घर फोर्मियाला होतं. ७ डिसेंबरला गुलाम त्याला पालखीतून समुद्राकडे नेत असताना शिपायांनी गाठलं ते तिथेच, त्या काठावर. त्याने पालखी खाली ठेवायला सांगितली आणि मान बाहेर काढली. प्लँकसने कबरीसाठी जागा निवडली ती टेकडी त्या काठाच्या बरोबर समोर आहे. हवा स्वच्छ असेल तर पलीकडची घरं मोजता येतात, मी मोजली होती.

लॅटिनशाळा

बंदरपेठ, दार कुठल्या बाजूला आहे, आठवतं का? आखाताकडे की मोकळ्या समुद्राकडे?

बंदरपेठ

ते आठवत नाही. पुढच्या खेपेला नेपल्सला थांबलो की जाऊन बघतो आणि इथेच लिहितो.